बंद दाराआडचा अर्धा तास

जळीत वॉर्डात नवीन आलेल्या नर्सबाया पहिल्या आठवड्यात रडायच्या आणि दुसऱ्या आठवड्यात बदलीसाठी वशिला शोधायच्या. प्रेमिला गजभियेनं यातलं काहीच केलं नाही, म्हणून ती तिथेच राहिली. नागपूरच्या त्या सरकारी दवाखान्यात तेव्हा, म्हणजे त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमारास, स्टोव्हचा भडका उडून भाजलेल्या बाया फार यायच्या. भडकाच उडाला होता का, हे नर्सनं विचारायचं नसतं. तिनं पट्टी बदलायची असते. जखमेला चिकटलेली जाळी सलाईननं भिजवायची, हळूहळू सोडवायची, आणि खालची बाई किंचाळत असताना आपला हात हलू द्यायचा नाही.

प्रेमिलाचं घर इंदोऱ्याकडच्या बौद्ध वस्तीत होतं. छप्पन साली बाप बळीरामाचं बोट धरून ती दीक्षेला गेली होती. घरी येताना बापानं सांगितलं होतं, "शिक, आन् मंग आपल्या लोकायच्या कामी ये." पोरीनं ते मनावर घेतलं. ती नर्स झाली, आणि लग्न होऊन या वस्तीत आल्यावर वस्तीतली एकुलती एक नर्स झाली. सकाळची ड्यूटी करून ती घरी पोचायची तेव्हा ओट्यावर कोणी ना कोणी बसलेलं असायचंच. कोणाला इंजेक्शन, कोणाचं पोर तापलेलं, कोणाच्या सुनेला कळा लागलेल्या. चपला काढायच्या आधी ती पिशवी उघडायची. सासू तुळसाबाई शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगायची, "माही सून कोनाले नाही म्हनत नाही."

आधी तिची झोप गेली. मग जेवण जाईना. घास तोंडाशी नेला की वॉर्डातला वास यायचा. चौथ्या महिन्यात पोटातलं मूल गेलं, तरी आठवड्याभरात ती परत ड्यूटीवर होती. त्यानंतर मान आखडायला लागली आणि सिरिंज भरताना उजव्या हाताचा अंगठा आपोआप थरथरायला लागला. ती तो दुसऱ्या हातानं दाबून धरायची. नवरा वसंत गिरणीत होता, मवाळ माणूस. त्याच्यावर ती भाजीतल्या मिठावरून एवढी ओरडायची की तो ताट सरकवून बाहेर जाऊन बसायचा.

वॉर्डात तेव्हा धंतोलीतल्या यमुताई देव यांची भाची भरती होती. यमुताई शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, ताठ बाई. भाचीच्या उशाशी त्या दिवसचे दिवस बसून असत. एकदा प्रेमिला पट्टी बांधून उठली, तेव्हा त्या म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही पट्टी बदलताना श्वास घेतच नाही. रोज बघते मी."

"मला काय झालंय? मी धडधाकट आहे," प्रेमिला तुटकपणे म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

त्याच दुपारी ड्यूटी संपल्यावर ती जिन्यात बसली ती उठेचना. पाय होते, पण ते तिचं ऐकत नव्हते. छातीत कोणी दोरी आवळल्यासारखं झालं होतं. लोक बाजूनं चढत-उतरत होते. यमुताई भाचीसाठी चहा आणायला निघाल्या होत्या. थर्मास खाली ठेवून त्या तिच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"श्वास आत ओढू नका. आधी सोडा. सगळा बाहेर सोडा. आत तो आपला आपण येतो."

बऱ्याच वेळानं प्रेमिला उठून उभी राहिली. शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी आपण बायकांना आसनं आणि प्राणायाम शिकवतो, पैसे घेत नाही, असं यमुताईंनी जाता जाता सांगितलं.

घरी ती हे बोलली तेव्हा वसंतचा चेहराच बदलला. "थे सारं सोडून आलो ना आपन? आता त्यायच्याच दारात जाऊन बसतं का?"

"मी देव नाही मागून राहिली. पाठ मागून राहिली. मले वाकता येत नाही, तुमाले दिसत नाही का?"

"दवाखान्यात डाक्टर मेले का?"

"डाक्टर म्हनते काहीच नाही झालं."

वसंत तिला सोडायला आला नाही. ती एकटीच गेली. सुरुवातीच्या प्रार्थनेला ती ओठ मिटून बसे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईनं तिला आडनाव विचारलं, आणि पुढच्या दिवशी त्या बाईची सतरंजी हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला होती. यमुताईंनी ते पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत, हेही प्रेमिलानं पाहिलं. जेवढं शिकायचं तेवढं शिकून घेतलं आणि तिनं वर्ग सोडला. त्यानंतर एका रविवारी यमुताई स्वतःच पत्ता विचारत वस्तीत आल्या, बाजेवर बसून चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "तेव्हा मी बोलायला हवं होतं. दाखवा, आसनात पाठ कशी ठेवताय?" तिथं त्यांनी तिची पाठ सरळ करून दिली आणि गेल्या.

मग प्रेमिलानं घरचा नियम बांधला. दवाखान्यातून आलं की हातपाय धुवायचे, दार लावायचं आणि अर्धा तास कोणासाठीही उघडायचं नाही. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली सतरंजी अंथरायची, थोडी आसनं करायची, श्वास पाहत बसायचं आणि शेवटी मढ्यासारखं सैल पडून राहायचं. तुळसाबाईला ते बिलकूल आवडलं नाही. "दिवसाढवळ्या दार लावून झोपते, थे का योग व्हय?" पण महिना-दोन महिन्यांत सून पोटभर जेवायला लागली, वसंतशी हसून बोलायला लागली. म्हातारीनं आपला शब्द बदलला नाही, जागा बदलली. ती सुपात गहू घेऊन दाराबाहेर बसू लागली आणि येईल त्याला सांगू लागली, "अर्ध्या तासानं येजो. अंदर हाये थे."

पुढच्या मे महिन्यात ऊन असं पेटलं की दुपारी गल्लीत कुत्रंही फिरकेना. समोरच्या घरात चंद्रभान राहायचा, सायकलरिक्षा ओढणारा, अंगानं दणकट. त्याची बायको उत्तरा वयानं लहान, प्रेमिलाला जीव लावणारी. प्रेमिलाकडूनच ती चौथीचं पुस्तक वाचायला शिकत होती. त्या दुपारी उत्तरा धावत ओट्याशी आली.

"माय, बाईले सांगा ना. ह्यायचं आंग लय तापलं. काहीबाही बडबडून राहिले."

"ऊन लागलं असंल," तुळसाबाई म्हणाली. "पन्हं पाज, कांदा फोडून तळपायाले लाव. आत्ताच अंदर गेली वं थे. अर्ध्या तासानं पाठवतो."

उत्तरा दाराकडे बघत क्षणभर उभी राहिली. मग वळून गेली.

आत प्रेमिला सैल पडली होती. उत्तराचा आवाज तिच्या कानावर आला होता. शब्द कळले नव्हते, पण आवाजातली घाई कळली होती. तसंच असेल तर दार वाजवतील, असं तिच्या मनात आलं, आणि आलेला विचार जसा सोडून द्यायला शिकली होती तसा तिनं तोही सोडून दिला.

नंतर आली ती उत्तराची किंकाळीच.

प्रेमिला अनवाणी धावली. चंद्रभान बाजेवर आडवा, डोळे फिरलेले, अंग कोरडं ठक्क. घामाचा थेंब नाही. हातापायांना झटके येत होते. उत्तरा त्याच्या तोंडात पन्हं घालायला बघत होती.

"तोंडात काही टाकू नको! ठसका लागंल! चादरी भिजव. माठ रिकामा कर त्यायच्या आंगावर. कोनी तरी रसवंतीवाल्याकडून बर्फ आना, जेवढा असंल तेवढा!"

बर्फ आला. बगलेत, मानेखाली, जांघेत तिनं तो दाबून धरला. मग चंद्रभानला त्याच्याच रिक्षात घातलं. गल्लीतला एक गडी ती ओढायला लागला. प्रेमिला मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन, उत्तरा पायाशी ओल्या चादरी धरून. दवाखान्यापर्यंतचा रस्ता तिच्या रोजच्या पायाखालचा होता, पण त्या दुपारी तो संपेना. बरोबरच्या घागरीतल्या पाण्यानं चादर एका टोकाकडून भिजवत आणावी तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ती वाळायची. चंद्रभानचा श्वास घरघरत होता आणि मध्येच थांबत होता. थांबला की उत्तरा प्रेमिलाच्या तोंडाकडे बघायची. सबंध रस्ताभर ती एकच वाक्य बोलली.

"मी आली होती, बाई."

चंद्रभान कितीतरी दिवस जगण्या-मरण्याच्या मध्ये लोंबकळत राहिला. प्रेमिला आपला वॉर्ड सुटला की त्याच्या खाटेशी जाऊन उभी राहायची. तिकडे वस्तीत नळावर बोलणं चालू होतं. "अंदर पाय वर करून पडली होती, आन् बाहेर मानूस मरून राहिला होता." कोणी म्हणे, "नर्स कायची, मेमसाब झाली." वसंतनं ते ऐकलं आणि घरी येऊन एवढंच म्हणाला, "मी तवाच म्हनलं होतं." तुळसाबाई गहू निवडत होती. ती मान वर न करता निवडतच राहिली.

चंद्रभान वाचला. शुद्धीवर आला, पण जीभ जड झाली होती आणि चालताना तो दारू प्यायल्यासारखा झुलायचा. रिक्षा आता त्याच्या हातून होणार नव्हती. अर्ध्या तासानं काही फरक पडला असता का, असं प्रेमिलानं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "पडला असता, नसता, कसं सांगणार?" हो किंवा नाही, यातलं काहीही ते म्हणाले असते तर तिला सोसलं असतं.

तिनं सतरंजी गुंडाळून धान्याच्या कोठीमागे सारली. दार दिवसभर उघडं राहू लागलं. लोक यायचे, पायात काटा रुतला तरी यायचे, आणि ती प्रत्येकाला हातातला घास खाली ठेवून बघायची. फक्त उत्तरा येत नव्हती. प्रेमिला डब्यात भाजी-भात घेऊन जायची. उत्तरा न बोलता डबा घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी तो घासूनपुसून ओट्यावर आणून ठेवायची.

पावसाळा सरता सरता झोप पुन्हा गेली. अंगठा पुन्हा थरथरू लागला. या खेपेला तिनं त्याला दाबायचंही सोडून दिलं.

तेव्हा वॉर्डात मौद्याकडच्या एका खेड्यातली मीरा म्हणून पोरगी होती, नुकतंच लग्न झालेली. गळ्यापासून कमरेपर्यंत भाजली होती. पोलिसांशी, डॉक्टरांशी बोलायची नाही, प्रेमिलाशी बोलायची. आमच्या बोरीची बोरं लय गोड, बरी झाली की तुमच्यासाठी आणीन, असं सांगायची. एका सकाळी पट्टी सोडवताना प्रेमिलाच्या हाताला हिसका बसला. जाळी एकदम ओढली गेली आणि तिच्यासोबत कातडीही आली. मीरानं किंकाळी फोडून तिचं मनगट पकडलं. प्रेमिलानं हात झटकला आणि ओरडली, "चूप! मेली तर सुटशील!"

 मीरानं तिच्याकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना ती ओरडली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. डोळ्यांतून पाणी वाहायचं, जबडा घट्ट आवळलेला असायचा, पण आवाज नाही. बोरांचं बोलणंही बंद झालं.

तिसऱ्या दिवशी प्रेमिला घरी आली ती चुलीपुढे जाऊन बसली. ओट्यावर दोघं-तिघं थांबले होते. तुळसाबाईनं सुनेचा चेहरा पाहिला, बाहेर जाऊन सगळ्यांना वाटेला लावलं आणि तिच्यासमोर येऊन बसली.

"का झालं वं?"

प्रेमिलानं सांगितलं. आपण त्या पोरीला काय बोललो ते, एकही शब्द न गाळता. 

"त्या दिवशी उत्तराले माघारी मी धाडलं," तुळसाबाई म्हणाली. "तू नाही. सारी वस्ती तुले बोलली आन् मी ऐकून घेतलं. तू बी मले एक शब्द म्हनली नाही. काहून नाही म्हनली?"

"मले आवाज आला होता, आई." प्रेमिला म्हणाली. "मी आयकलं होतं. तरी उठली नाही."

 मग तुळसाबाईनं गुडघ्यावर हात रेटून स्वतःला उठवलं, सुनेच्या दंडाला धरलं आणि तिला गल्ली ओलांडून समोरच्या घरी घेऊन गेली. उत्तरा सिगडी पेटवत होती. चंद्रभान भिंतीला टेकून बसला होता. म्हातारीनं सुनेला पुढे केलं. आवाज आला होता तरी उठली नाही, हे जे घरात सांगितलं, ते प्रेमिलानं तिथंही सांगितलं.

उत्तरा सिगडीपाशी उकिडवी तशीच राहिली. "तुमी अंदर होत्या याचा राग नाही मले," ती म्हणाली. "मले का मालूम, थो साधा ताप हाये का जीवघेनी लू हाये? मालूम असतं त तुमचं दार तोडलं असतं मी. मी मुकाट्यानं घरी आली आन् कांदा फोडत बसली. थे नाही जात माह्या डोक्यातून."

"मंग दार तोडत जा," प्रेमिला म्हणाली. "कवा तोडायचं, थे मी शिकवते तुले."

चंद्रभाननं हात हलवला. त्याला एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "स्टेशनावर... सारे म्हनत होते. बस गा सावलीत. म्या म्हनलं, आनखीन एक सवारी." तो थांबला, धापा टाकत हसला. "म्या तरी कोनाचं आयकलं?"

उत्तरा हसली नाही. तिनं सिगडीत कोळसा टाकला आणि विचारलं, "कवापासून शिकवता?"

दुसऱ्या सकाळी प्रेमिला ड्यूटी सुरू व्हायच्या आधीच वॉर्डात गेली. मीराच्या खाटेवर वाकून म्हणाली, "मी चुकली, मीरा. तू ओरडत जा. जोरात ओरड. मी तुझ्यावर पुन्हा ओरडणार नाही." पोरीनं तोंड फिरवलं. कितीतरी दिवस ती तशीच ओठ आवळून राहिली, आणि प्रत्येक पट्टीआधी प्रेमिला खाटेशी उभी राहून सगळा श्वास बाहेर सोडायची आणि मगच जाळीला हात लावायची. एका सकाळी मीरा अचानक ओरडली. वॉर्ड दणाणून सोडला, प्रेमिलाला शिव्या दिल्या, नवऱ्याला दिल्या. प्रेमिला ऐकत राहिली आणि हळूहळू पट्टी सोडवत राहिली. त्यानंतर मीरानं पोलिसांनाही बोलावून घेतलं आणि जे सांगायचं ते सांगितलं. थंडीत बाप येऊन तिला माहेरी घेऊन गेला.

उत्तरा शिकत होती. अंगाची आग झाली आणि घाम नाही, माणूस हाक मारली तरी ओळखत नाही, झटका आला, बाळंतिणीचं रक्त थांबत नाही, पोराची टाळू खोल गेली आणि लघवी बंद झाली. यातलं काहीही असेल तर दार वाजवायचं नाही, सरळ लाथ मारायची. बाकीचं थांबू शकतं. तिच्याबरोबर गल्लीतल्या आणखी बायाही शिकायला बसू लागल्या.

अखेर एका दुपारी प्रेमिलानं कोठीमागची सतरंजी काढली. वसंत तेव्हा घरीच होता. त्यानं बाज उचलून जागा करून दिली आणि बाहेर गेला. बाहेर उत्तरा तुळसाबाईशेजारी बसली. दार लागलं.

त्या दुपारी प्रेमिलाला कसला योग साधतो! ती पडली, पण सगळं अंग कान होऊन राहिलं होतं. गल्लीतून कोणी चाललं तरी ती मान उचलायची. आणि मग खरंच पावलं आली, घाईची, आणि एका बाईचा रडवेला आवाज. "नर्सबाई हाये का? पोरगी पायरीवरून पडली!"

प्रेमिला उठली. तिचा हात कडीवर गेला.

"आन इकडे," बाहेर उत्तरा म्हणाली. "ए बाई, रडू नको, पाहू दे मले. पोरी, नाव सांग तुहं. हा हात हलव. दुसरा. ओकारी झाली का? नाही ना? रगत एवढंच आलं का?"  आत कडी प्रेमिलाच्या तळव्याखाली गरम झाली होती. "खरचटलं हाये. पानी आना माय, मी धुते. बाई येतेच थोड्या वेळानं."

आपण बघावं का? एकदाच दार उघडून बघितलं तर काय बिघडतं? पण बघितलं तर उद्या उत्तरावर कोण विसंबणार, आणि उत्तरा तरी स्वतःवर कशी विसंबणार? तिला उत्तराचा आवाज पुन्हा ऐकू आला. त्यात घाई नव्हती. प्रेमिलानं कडीवरचा हात काढला, भिंतीला धरत सतरंजीवर येऊन बसली, आणि अर्धा तास सरेपर्यंत एकेक श्वास बाहेर सोडत राहिली.

जळीत वॉर्डात ती पुढं बरीच वर्षं होती. त्या काळात उत्तरानं दोनदा दाराला लाथ मारली, आणि दोन्ही वेळा ती बरोबर होती. चंद्रभान वस्तीच्या तोंडाशी बसून सायकलींना हवा भरू लागला. उन्हाळ्यात दुपारी कोणी रिक्षावाला दिसला की तो हातातला पंप सोडून त्याला बळेच सावलीत बसवायचा आणि पाणी पाजल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचा नाही.